उर्वशीची फांदी

आमच्या मावशीइतकी सज्जन चोर अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायची नाही. पैशाअडक्याला तिनं कधी बोट लावलं नाही, पण कुणाच्या दारात बरं झाड दिसलं की त्याची फांदी मावशीच्या पिशवीत गेलीच म्हणून समजा. सांत्वनाला गेली तरी एका डोळ्यानं रडायची आणि दुसऱ्यानं कुंड्या बघायची. माझ्या लग्नात तिनं स्टेजच्या कमानीवरची वेल लांबवली, आपल्या गावी कोडोलीला नेऊन परसात लावली, आठवडाभर पाणी घातलं. वेल प्लॅस्टिकची निघाली. "तुझ्या सासरची मान्सं फसवी हाईत," हा तिचा निकाल माझी बायको अजून सोसते आहे.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं तिला पुण्याला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं ठरवलं. कोडोलीची परसबाग सुटणार होती. जायच्या आधी तिनं एकच हट्ट धरला: कोल्हापुरातली संस्थानच्या काळातली जुनी बाग बघायची, जिथं समुद्रापलीकडून आणलेली झाडं आहेत. काही तोडणार नाही अशी मी तिला गुडघ्यांची शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली, पण जो आधीच गेला होता त्या डाव्या गुडघ्याची.

ब्रह्मदेशातून आलेल्या उर्वशीच्या झाडाखाली ती थबकली. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबत होते. मी पाटी वाचेपर्यंत तिच्या पिशवीचे बंद आवळलेसुद्धा गेले होते. मागून रखवालदार आला.

"आज्जी, पिशवीत काय हाय?"

"डबा."

"डब्याला पानं फुटल्याती व्हय?"

"अरं, झाडाला इचारूनच घेतली की. ते न्हाय म्हनालं न्हाय."

रखवालदार हसला, पण फांदी काढून घेतली. "ही अशी लागत न्हाय, आज्जी. आमच्या सायबांनी लै करून बगितलं."

"सायबाला लागत नसंल. कुंडी आन."

आणि त्यानं खरंच आणली! गुडघ्यांना शिव्या घालत मावशी खाली बसली, फांदी तिरकी छाटून मातीत खोवली, आणि कुंडीवर तळहात ठेवून बराच वेळ तशीच राहिली.

"घिऊन जावा की," रखवालदार हळूच म्हणाला.

"कुठं नेऊ? पोराच्या घरात उनाला बी जागा न्हाय."

आता दर रविवारी मी बागेत जाऊन येतो. रखवालदार आणि मी कुंडीसमोर उकिडवे बसतो. फांदी वाळत नाही, फुटतही नाही. संध्याकाळी पुण्याहून मावशीचा फोन येतो.

"हिरवी हाय अजून, पण पान न्हाय," मी सांगतो.

"व्हय," ती म्हणते, "माती बदलली की दिस लागत्यात." आणि मग लिफ्ट पुन्हा बंद पडल्याचं सांगत बसते.