शाल नको, खेप बोला

आमच्या मामेसासऱ्यांइतका लग्नाचा शौकीन माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि नवरानवरीचं नाव त्यांच्याइतकं ठाऊक नसणाराही. मामा लग्नाला जातात ते सत्कारासाठी, स्वतःच्या नव्हे. आमच्याकडे अक्षता पडण्याआधी पुढाऱ्यांना एकेक करून शाल-फेटा चढतो आणि मुहूर्त बिचारा ताटकळत राहतो. मामांनी नेमकी हीच वेळ हेरलेली. ज्याच्याकडे ना विमा ना योजनेचं कार्ड, अशा आजाऱ्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर डॉक्टरपेक्षा गाडीच महाग पडते. म्हणून मामा माईक बळकावतात. "साहेब, भर उन्हाळ्यात शाल काय पांघरता? एक खेप बोला!" खेप म्हणजे एका आजाऱ्याला नेऊन आणायचं भाडं. हजार माणसांसमोर नाही कोण म्हणणार? घरी वर्गणी मागायला गेलं की हेच साहेब हमखास आंघोळीला गेलेले असतात, असा मामांचा अनुभव.

घाटनांदूरचं लग्न तर मी जन्मात विसरणार नाही. नवरदेवाच्या चुलत्यांनी एक खेप बोलली, त्यावर मुलीकडच्या सरपंचांनी दोन, की पलीकडून लगेच तीन! मांडवात शिट्ट्या, टाळ्या, मुलीचा बाप घामाघूम, भटजी घड्याळ दाखवून दमलेले. मीसुद्धा खुर्चीवर चढून ओरडत होतो. ऐन रंगात मामांनी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि त्यांचा चेहराच उतरला. "आरं देवा! कौसाची तारीख उद्याची न्हाई, आजच हाय!"

कौसाबाई ऊसतोडीला जाणारी. हृदयाची झडप खराब, दर महिन्याला तपासून गोळ्या बदलायच्या. मागं एकदा तारीख चुकली तर जिवावरच बेतलं होतं. एसटीत उभं राहवत नव्हतं. तासाभरात नोंदणीची खिडकी बंद होणार, आणि मांडवाबाहेरच्या गाड्या एकमेकींत अडकलेल्या. मोकळी एकच, नवरदेवाची, झेंडूनं मढवलेली. मामांनी माईकवरूनच विचारलं, "नवरदेव, देता का?"

"न्या की! मला आत्ता कुठं जायचंय?"

कौसाबाईला घरून घेऊन ती गाडी दवाखान्याच्या दारात थांबली तेव्हा नवरी बघायला ही गर्दी! आत पदर सावरत बसलेली कौसाबाई आणि टॉवेल-टोपीतला तिचा नवरा. आपली अशी वरात पहिल्यांदाच निघाली, असं ती नंतर लाजत सांगायची. खिडकी बंद व्हायच्या आत नंबर लागला, आणि पुढं मामांनी तिची एकही तारीख चुकू दिली नाही.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या बेळगावाकडच्या कारखान्यांवर निघाल्या. जाऊ नको म्हणून मामा कौसाबाईच्या दारात जाऊन भांडले. ती म्हणाली, "कोयता न्हाई धरणार आण्णा, नुसत्या भाकरी थापीन. पर इथं बसून खायचं काय?"

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "जावईबापू, बेळगावाकडं तुमचं कुणी सोयरं हाय का? पुढची तारीख तिला तिकडंच पडती."

आमचं तिकडं कुणीही नाही. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. "बघतो मामा," म्हणालो, आणि फोनमधलं एकेक नाव वाचत कितीतरी वेळ बसून राहिलो.