म्हातारीची जखम

माझा भाऊ मंगळवारी सडक अर्जुनीजवळ ट्रकखाली गेला. आम्ही त्याला घरी आणलं तेव्हा त्याचा फोन वाजला. फोनवर ओळ होती : आता पाळी तुझी.

ती ओळ एका ग्रुपवरून आली होती. ठिकठिकाणची माणसं त्यात मिळून एक लांबच लांब गोष्ट लिहीत. प्रत्येकाचं एक पात्र. आपल्या पात्रानं काय केलं तेवढं आपण लिहायचं, मग पुढच्याची पाळी. रोलप्ले म्हणतात त्याला. भाऊ आमगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि गिऱ्हाईक नसलं की हे करायचा. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, म्हणून त्याच्या पोस्टचं शुद्धलेखन माझ्याकडे असायचं. मी स्वतः त्या ग्रुपात कधी नव्हते. तिथली माणसं मला त्याच्या खांद्यावरून वाचून माहीत होती, आणि त्यातली बहुतेक आवडत नव्हती.

बाकीच्यांची पात्रं सरदार, राजकन्या, मांत्रिक अशी होती. याची म्हातारी होती. डोंगराच्या खिंडीत टेंभरांची, म्हणजे तेंदूच्या फळांची, टोपली घेऊन बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालायची, आणि तिनं हो म्हटल्याशिवाय कुणी पलीकडे जायचं नाही. खिंड दरेकशाची आहे हे मला पहिल्याच वाक्यात कळलं. तिथल्या स्टेशनावर फळं विकणाऱ्या बायकांशी घासाघीस करून बोलणी खाणं हा त्याचा लहानपणापासूनचा आनंद होता.

ग्रुपमधल्या सगळ्या लढाया मात्र तोच रचायचा. सैन्य किती आणि हत्यारं कोणती हे तो शेवटी ठरवायचा. आधी जमीन. चिखल कुठं आहे, ऊन कुणाच्या डोळ्यांवर आहे, मागं फिरायला वाट आहे की नाही. एकदा त्यानं घोडेस्वार धानाच्या बांध्यांमध्ये उतरवले, तेही रोवणी चालू असताना, गुडघाभर चिखलात. पुण्याकडच्या एका लेखकानं विचारलं की घोडे दौडत का नाहीत. यानं उत्तर दिलं, धुऱ्यावरून, म्हणजे तुमच्या बांधावरून, एका वेळी एकच घोडा जातो, दादा, कधी या इकडे, दाखवतो. जमीन झाली की प्रत्येकाला हरवण्यासारखं काहीतरी द्यायचा. एकाला झेंडा, एकाला घायाळ मित्र, एकाला नुसती अब्रू. ज्याच्याकडे हरवण्यासारखं काही नाही त्याला तो लढाईत घेतच नसे.

"बाई," तो मला म्हणायचा, "लढाई म्हणजे कोण जिंकते ते नोहे. आपलं लिहून झाल्यावर समोरच्याले लिहाले काय उरते, ते पाहायचं."

यातूनच त्याचा नियम आला होता, आणि तो सगळे पाळत. वार करणाऱ्यानं फक्त वार लिहायचा. तो लागला का, किती लागला, हे ज्याच्यावर वार झाला तोच लिहिणार. दुसऱ्याची जखम कुणी लिहायची नाही.

त्या मंगळवारी ग्रुपच्या ॲडमिनचा सेनापती खिंडीत पोचला होता. त्यानं म्हातारीवर तलवार चालवली होती. तिची जखम लिहायची राहिली होती.

जलदान विधी झाल्यावर मी भावाच्याच फोनवरून ग्रुपला कळवलं. पणत्या, जोडलेले हात, रडके चेहरे यांनी स्क्रीन भरली.  काही दिवसांनी एकानं विचारलं, कथेचं काय करायचं. दुसऱ्यानं लिहिलं, सैन्य खिंडीत किती दिवस उभं ठेवणार. तिसऱ्यानं त्याखाली हसरा चेहरा टाकला आणि लगेच पुसला. मी तो पाहिला होता.

ॲडमिन गोंदियाचा, चांगल्या कपड्यांतला, सतत हसणारा माणूस. एका रविवारी तो पॅसेंजरनं आमगावला आला आणि आमच्याकडे बसला. भावाच्या फोटोला हार घातला. आईला वाटलं भेटायला आलाय. ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्यानं विषय काढला.

"ताई, हम सब उसको बहुत मानते थे. म्हणून म्हातारीला सन्मानानं मरण देऊ. मी स्वतः लिहितो."

मी म्हटलं, तिची जखम तुम्हाला लिहिता येत नाही, नियम आहे.

"नियम लिहिणाऱ्यांसाठी असतो ना, ताई. लिहिणारा आता कुठे आहे?"

हे तो फोटोखाली बसून म्हणाला.  

आई चहा घेऊन दारात उभी होती. "कोणाले मारून राहिला हा?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं, गोष्टीत एक बुढी आहे, आपल्या पोरानं लिहिलेली, तिला.

"काऊन? तिनं तुहं काय बिघडवलं?" आता ती त्याला विचारत होती.

"काकू, खेळ आहे हा," तो हसत म्हणाला.

"खेळ आहे त दुसऱ्याले मार. घरी तुही माय नाही काय?"

तिनं कप त्याच्या हातात न देता खिडकीत ठेवला आणि ती आत निघून गेली. तो अजूनही हसतच होता. निघताना मला म्हणाला की मग तुम्हीच लिहा जखम, बहिणीचा हक्क आहे, पण लवकर; लोक थांबलेत.

मी बसले लिहायला. माझी वाक्यं उत्तरपत्रिकेसारखी उतरत होती. माझी म्हातारी सेनापतीला "आपण" म्हणाली, तेव्हा मी सगळं खोडलं.

ॲडमिन थांबला नाही. मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, मी त्याची पोस्ट वाचली. त्यानं तिला मारलं होतं. खिंडीत जमीनच नव्हती. ऊन, दगड, उतार काही नाही. तलवार छातीत गेली. म्हातारीनं सेनापतीच्या डोक्यावर हात ठेवला, त्याला बाळा म्हटलं, खिंड तुझी आहे म्हणाली आणि डोळे मिटले. सेनापती ढसाढसा रडला. जिंकलाही तोच, रडलाही तोच. दुसऱ्या कुणाला लिहायला त्यानं काही ठेवलं नव्हतं. खाली लाल बदामांची रांग लागली होती. कुणी लिहिलं होतं, आता त्याच्या आत्म्याला शांती मिळेल. आमच्या बौद्ध घरात आत्मा मानत नाहीत. त्यांना हे माहीत असायलाच हवं होतं असं नाही, पण इतक्या वर्षांत एकदा विचारता आलं असतं.

ज्या म्हातारीनं गोष्टीतल्या राजालाही कधी नीट हाक मारली नाही, ती एका कचकड्याच्या सेनापतीला बाळा म्हणून मेली. मला तो माणूस तेव्हा सहन झाला नाही, आजही होत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी चपला काढायच्या आधी भावाचा फोन घेतला. आईचं बोलणं माझ्या डोक्यात होतंच. लिहिताना लक्षात आलं की म्हातारी इतकी वर्षं असंच बोलत आली होती. शुद्धलेखन तपासताना मी ऱ्हस्व-दीर्घ पाहत होते, आवाज ऐकला नव्हता.

मी लिहिलं : ॲडमिननं लिहिलेली जखम नियमात बसत नाही, म्हणून ती झाली नाही. खरी अशी. ऊन सेनापतीच्या डोळ्यांवर होतं. उतारावर त्याचा पाय सरकला. तलवार टोपलीत घुसली आणि टेंभरं खिंडभर सांडली. म्हातारी बसल्या जागेवरून उठली नाही. म्हणाली, "डोये फुटले का तुहे? घरी तुही माय नाही काय? उचल एकेक."

शेवटी मी ओळ टाकली : आता पाळी तुझी.

सेनापतीच्या हाती मी भरपूर दिलं होतं. तो वाकून टेंभरं उचलू शकत होता, लाथाडू शकत होता, शिपायांना उचलायला लावू शकत होता. भावाला ते चार दिवस पुरलं असतं. ॲडमिननं एवढंच लिहिलं की ताई, तुम्ही मेंबर नाही. मग भावाचा नंबर ग्रुपमधून काढला.  पुढं कधीतरी त्यातल्या एकीनं मला कळवलं की नवं प्रकरण खिंडीच्या पलीकडून सुरू झालंय. सैन्य तिथं कसं पोचलं ते कुणी लिहिलेलं नाही.

भावाचा फोन माझ्याकडे आहे. त्यातला ग्रुप माझ्या पोस्टपाशी थांबलेला आहे. म्हातारी खिंडीत बसली आहे, टेंभरं जमिनीवर आहेत, आणि पाळी सेनापतीची आहे.