कुलूप लावलेल्या गाडीची राखण

उंद्रीत कुणालाही विचारा, बाहेरगावी जायला गाडी कुणाची सांगायची. तो म्हणेल, शंकररावांची. शंकरराव सरकट्यांची क्रूझर काही नवी नाही. तिचा एसी नेमका उन्हाळ्यात रुसतो, आणि गाणी लावली तर एकच स्पीकर वाजतो. तरी जानेफळपर्यंतची वऱ्हाडं त्यांच्याच नावावर अडून बसतात. त्यांच्या गाडीतून आजवर कुणाची चप्पलसुद्धा हरवलेली नाही.

प्रवासी उतरले की शाली, पिशव्या, डबे, म्हाताऱ्यांच्या काठ्या, पोरांची खेळणी सगळं गाडीत टाकून मोकळे होतात. शंकरराव ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतात, एक पाय पायरीवर ठेवून आडवे बसतात आणि लोक परत येईपर्यंत तिथून हलत नाहीत. "ड्रायव्हरनं गाडी सोडली का नाव सोडलं," हे त्यांचं वाक्य चिखलीच्या स्टँडवरची नवी पोरंही एकमेकांना ऐकवतात, थोडं चिडवत आणि थोडं मानत.

या नावाची एक किंमत होती, आणि ती ते हसत सांगायचे. गावातले पुंजाजी एकदा म्हणाले, "शंकरभाऊ, तुमाले तं अजिंठा तोंडपाठ असन!"

"अजिंठा नाई, खालच्या फर्दापूरची पार्किंग तोंडपाठ हाये," शंकरराव म्हणाले. "कोणत्या झाडाची सावली किती वाजता कुठं जाते, विचारा."

लेणी त्यांनी पाहिली नव्हती. वेरूळही नाही. लोणारचं सरोवर त्यांनी काठावरून, तेही गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. अपवाद एकट्या नागपूरचा. दीक्षाभूमीला ते आत जायचे, पण तेव्हाही गाडीत कुणाला तरी राखणीला बसवून.

त्यांची बायको कलाबाई एकदा महिला मंडळाबरोबर त्यांच्याच गाडीतून अजिंठ्याला गेली होती. आडवा पहुडलेला तो मोठा बुद्ध पाहून तिला हुंदका आवरला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं पदर पुढे केला. खाली आल्यावर ते सगळं तिनं नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला, पण ते टायरची हवा पाहत होते. तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. नवऱ्याच्या गाडीतून ती पुष्कळ फिरली, पण नवऱ्याबरोबर तिनं काहीच पाहिलं नव्हतं.

म्हणून त्यांच्या पोरीनं, सारिकानं, श्रीलंकेची तिकिटं काढली तेव्हा कलाबाईनं आधीच अट घातली. "मी येतो. पण जे पाहाचं ते तुह्या पप्पासंगं पाहाचं. गाडीपाशी बसाले मी समुद्र नाई वलांडत."

सारिका पुण्याला असते. दवाखान्यांतली मोठमोठी मशीनं दुरुस्त करते. गावात कुणी विचारलं की शंकरराव सांगतात, "माह्या पोरीनं हात लावल्याशिवाय डॉक्टरले पेशंटचं पोट दिसत नाई." सारिकानं मुद्दाम पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल निवडलं होतं. तिचं साधं गणित होतं. पप्पा उभा जन्म रस्त्यावर राहिले, आता त्यांनी पाण्याच्या काठी खुर्चीवर पडून राहावं.

हॉटेलवर पोचल्यावर तिनं त्यांना तो तलाव दाखवला. निळंशार पाणी, भोवती लांबलचक खुर्च्या, आणि पाण्यात गळ्यापर्यंत बुडून निवांत उभे असलेले गोरे लोक.

"पोहून राह्यले का हे?" कलाबाईनं विचारलं. "का हरभऱ्यासारखे भिजत घातले?"

"आई! हळू बोल."

"त्याइले कुठं मराठी समजते?"

"पप्पा, तुमी आयुष्यभर फिरले," सारिका म्हणाली. "आता फक्त आराम करा."

"तुह्या पप्पानं गाडी फिरवली," कलाबाई म्हणाली. "ते कुठं फिरले?"

शंकरराव मध्ये पडले. "दोनी करू. आराम बी करू, फिरू बी."

दुसऱ्या दिवशी दांबुलाची लेणी पाहायला जायचं ठरलं. व्हॅनवर निमल नावाचा ड्रायव्हर होता. शंकररावांच्याच वयाचा, अंगानं सडपातळ. त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. शंकरराव पुढे त्याच्या शेजारी बसले आणि प्रत्येक वळणावर उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत राहिले. निमलच्या ते लक्षात आलं. तो हसून म्हणाला, "आप भी ड्रायवर?" मग काय, डिझेलचा भाव, गुडघेदुखी आणि मागून हॉर्न मारणारे लोक या तीन विषयांवर दोघांचं इतकं जमलं की पोचेपर्यंत मागच्या सीटवरच्यांना बोलायला जागाच मिळाली नाही.

लेणी डोंगरावर होती. सगळे उतरले. पायऱ्या पाहून कलाबाईनं पदर खोचला आणि मागे वळून पाहिलं. शंकरराव व्हॅनला टेकून उभे होते.

"चाला ना."

"तुमी जा. मी हाये गाडीपाशी."

वाक्य आपोआप तोंडातून गेलं होतं. इतकी वर्षं रोज म्हटलेलं वाक्य, त्याला विचार लागत नाही. कलाबाई पोरीचा हात धरून निघाली.

निमलनं व्हॅनची दारं बंद केली, किल्ली खिशात घातली, फुलवाल्याकडून फुलं घेतली आणि तोही पायऱ्या चढू लागला.

शंकरराव तिथेच उभे राहिले. गाडी दुसऱ्याची, किल्ली दुसऱ्याकडे, चारी दारांना कुलूप, आत बसायचीही सोय नाही. ऊन चढत होतं. तरी ते हलले नाहीत. मध्येच एक माकड बोनेटवर येऊन बसलं, ते त्यांनी रुमालानं हुसकावलं. आपण अगदीच रिकामे नाही, असं त्यांना तेवढ्यापुरतं वाटलं.

मंडळी उतरली तेव्हा कलाबाईचा चेहरा आधी उजळलेला होता. नवऱ्याला व्हॅनपाशी पाहिलं आणि तो मावळला.

"ड्रायव्हर वर आला," ती म्हणाली, "अन् तुमी खाली?"

"माकड आलं व्हतं. हाकललं मी."

"लय मोठं काम केलं! काय घेऊन जाणार व्हतं ते, स्टेअरिंग?"

सारिका हसली, पण आई हसत नाही हे पाहून तिनं हसू आवरलं. परतीच्या वाटेवर निमल दोनदा काहीतरी बोलला. शंकररावांनी नुसती मान हलवली.

पुढच्या दिवशी सारिकानंच तोडगा काढला. आई आणि ती बाजार अन् जुना स्तूप पाहून येतील, पप्पा तलावाकाठी राहतील. कुणी कुणाला ओढायचं नाही. शंकररावांनाही ते बरं वाटलं. इथे गाडीच नाही म्हटल्यावर राखण कशाची?

ते खुर्चीवर आडवे झाले. वर नारळाची झावळी हलत होती. छान होतं. पण शेजारी एका पोराच्या चपला एक इकडे आणि एक तिकडे पडल्या होत्या. शंकररावांनी उठून त्या जोडीनं ठेवल्या. मग कुणाचा तरी टॉवेल ओल्या फरशीवर लोळत होता, तो झटकून घडी घातला. पाण्यात उतरणाऱ्या एका बाईनं हे पाहिलं. तिनं आपली बॅग दाखवून खुणेनं विचारलं, जरा लक्ष ठेवाल?

"हाव, ठेवा," शंकरराव म्हणाले.

एका बाईनं ठेवली म्हणून दुसऱ्या कुटुंबानं ठेवली. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांच्या खुर्चीभोवती बॅगा, कॅमेरे, टोप्या, औषधाच्या बाटल्या यांचा बाजार भरला होता. चहाची इच्छा झाली, पण उठायची सोय नव्हती. मनातून मात्र त्यांना बरं वाटत होतं. परमुलखात, एक शब्दही न बोलता, लोकांनी आपल्यावर भरवसा टाकला होता.

तेवढ्यात एक धिप्पाड माणूस पाण्यातून वर आला आणि त्यांच्याकडे बोट करून म्हणाला, "टॉवेल!"

शंकरराव उठले. टॉवेल नेऊन दिला. त्या माणसानं तोंड पुसलं आणि त्यांच्या हातात एक नोट ठेवली.

नेमकं त्याच वेळी कलाबाई आणि सारिका आल्या. सारिकाचे कान लाल झाले. "पप्पा, हा काय समजला तुमाले? थांबा, मी बोलतो त्याच्याशी."

कलाबाईला आधी हसू फुटलं. बॅगांच्या गराड्यात नोट धरून उभा असलेला नवरा पाहून ती पोट धरून हसली. मग हसता हसता खुर्चीच्या काठावर टेकली आणि तिचा आवाज बदलला.

"तुमच्यानं पाहणं बी होत नाई, बसणं बी होत नाई. मंग आपण इथं आलो कायले? लोकायच्या वस्तू सांभाळाले उंद्रीत कमी व्हत्या का?"

शंकररावांनी हातातल्या नोटेकडे पाहिलं. बक्षिसी त्यांनी आयुष्यात पुष्कळ घेतली होती, त्यात कमीपणा कधी मानला नव्हता. कष्टाची होती ती. पण इथे ते कष्टाला आले नव्हते. पोरीनं सुट्ट्या आणि पैसे जमवून त्यांना पाहुणे म्हणून आणलं होतं. ते पाहुणे आहेत हे हॉटेलच्या नोकरांनासुद्धा माहीत होतं. ते विसरले होते एकटे शंकरराव.

"तू थांब," ते पोरीला म्हणाले आणि स्वतः त्या माणसाकडे गेले. नोट परत त्याच्या हातात ठेवली. छातीवर हात ठेवून, चिखलीच्या स्टँडवर आवाज द्यावा तसे ठणठणीत म्हणाले, "मी गेस्ट."

तो माणूस गोंधळला, मग त्याच्या लक्षात आलं. दोन्ही हात जोडून तो इतक्यांदा माफी मागू लागला की शंकररावांनाच त्याची कीव आली. त्यांनी त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली. मग एकेकाला हाक मारून ज्याच्या त्याच्या बॅगा परत केल्या, खुर्ची सावलीत ओढली आणि झोपले. घोरण्याचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात होता. सारिका उठवायला निघाली, तर कलाबाईनं तिला अडवलं.

"असू दे. तीस वर्षांची झोप हाये ते."

शेवटच्या दिवशी अनुराधापूरचा महाबोधिवृक्ष पाहायचा होता. संघमित्रेनं भारतातून आणलेल्या फांदीचा तो वृक्ष. उंद्रीच्या विहारात त्याची गोष्ट दोघांनी कितीदा ऐकली होती. कलाबाई पहाटेच उठून पांढरी साडी नेसून तयार होती. पण आदल्या दिवसापासून तिनं नवऱ्याला एकदाही "चाला" म्हटलं नव्हतं. सांगून आलेला माणूस तिला नको होता.

व्हॅन थांबली. कलाबाईनं कमळाची फुलं घेतली, चपला काढून गाडीत ठेवल्या आणि पोरीला घेऊन चालू लागली. या वेळी तिनं मागे वळून पाहिलं नाही.

शंकरराव सवयीनं व्हॅनला टेकले. त्या दोघी गर्दीत लहान लहान होत चालल्या होत्या. कलाबाईच्या पांढऱ्या पदराचं टोक तेवढं दिसत होतं. आणखी थोड्या वेळानं तेही दिसणार नव्हतं. ती आत जाईल, तो वृक्ष पाहील, कदाचित तिथेही तिला हुंदका येईल, आणि पुन्हा कुणी परकी बाई पदर पुढे करील.

त्यांनी चपला काढल्या. व्हॅनमध्ये, कलाबाईच्या चपलांशेजारी ठेवल्या. निमलनं दार बंद करून कुलूप लावलं. "चलें?" तो म्हणाला.

"चाला," शंकरराव म्हणाले.

आता मागे वळायचीही सोय उरली नव्हती. वाळू अशी तापली होती की उभं राहणं अशक्य. शंकरराव चालले, मग भरभर चालले, मग चक्क पळाले. मागून निमल ओरडत होता, "धीरे, धीरे!" आतल्या कमानीपाशी त्यांनी कलाबाईला गाठलं. धाप लागली होती, कपाळावर घाम होता.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या उघड्या पायांकडे. तिनं हातातल्या फुलांचे दोन भाग केले आणि मोठा भाग त्यांच्या ओंजळीत दिला.

वृक्ष उंच ओट्यावर होता. म्हाताऱ्या फांद्यांना सोन्याच्या रंगाचे टेकू दिलेले. खाली सावलीतल्या वाळूवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. कुणी डोळे मिटून, कुणी लेकराला मांडीवर घेऊन. दोघांनी फुलं वाहिली आणि बसले. शंकररावांनी मान वर केली ती किती तरी वेळ खाली घेतली नाही. वाऱ्यानं पानं हलत होती. त्यांना काही पाहायची घाई नव्हती आणि कुणाची वाटही पाहायची नव्हती.

पलीकडच्या घोळक्यानं त्रिसरण सुरू केलं. चाल निराळी होती, पण शब्द तेच. उंद्रीच्या विहारात दर पौर्णिमेला म्हणतात तेच. कलाबाईनं नवऱ्याच्या दंडाला धरलं. तिचे डोळे भरले होते, आणि शंकररावांनी खिशातला रुमाल काढून पुढे केला. मग दोघंही त्या घोळक्याच्या आवाजात आपला आवाज मिसळून म्हणू लागले. आधी हळू, नंतर गावात म्हणतात तसं खड्या आवाजात. पंचशील संपेस्तोवर आजूबाजूच्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या.

शेजारची एक म्हातारी, पिकल्या केसांची, हसत काहीतरी म्हणाली. निमलनं सांगितलं, "पूछती है, कहाँ से आए?"

शंकरराव ताठ बसले. आजवर कुठल्याही ठिकाणी कुणी विचारलं तर ते गाडीकडे बोट दाखवून सांगायचे, "मी ड्रायव्हर." आता त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं, मागे फोटो काढत असलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि म्हातारीला कळेल अशा बेतानं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "उंद्री. तालुका चिखली. जिल्हा बुलडाणा."

म्हातारीनं सगळं समजल्यासारखी मान डोलावली.

"पिन कोड बी सांगून द्या," कलाबाई डोळे पुसत म्हणाली.