जगासाठी बोलावलेल्या मुळ्या

माझा उजवा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला, तेव्हा मी जैनथकडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोराच राहायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले आणि वर्ष-दीड वर्षात आपोआप सुटेल म्हणाले. इतकं थांबायचा धीर माझ्यात नव्हता. दसऱ्याच्या सुट्ट्यांत एका सहकारी बाईंनी सांगितलं की गुडीहत्नूरच्या पुढे डोंगरावर, कोलाम आदिवासींच्या वस्तीत, एक म्हातारी सांधे मोकळे करते. हल्ली तिच्याकडे शिबिर भरतं, इलाजही होतो आणि शिकवतातही. मी पिशवी भरली.

आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. वडील सालदार होते, तरी ताप आला की आम्हाला उचलून दवाखान्यातच नेत. त्यामुळे मी काही भाव घेऊन डोंगर चढले नाही. खांदा घेऊन चढले.

वर पत्र्याची एक लांब शेड होती आणि तिच्यामागे म्हातारीचं घर. शिबिर चालवणारा हैदराबादेत वाढलेला मराठी माणूस होता. चांगली जीप दारात लावून स्वतः अनवाणी हिंडायचा. बाकी शिकायला आलेले सगळे शहरातले, हळू आवाजात बोलणारे. "इथे आपण कमी बोलतो आणि जास्त ऐकतो," असं त्याने आम्हाला सांगितलं आणि जेवणापर्यंत तोच बोलत राहिला.

आम्हा सगळ्यांचं पाणी म्हातारीची सून खालच्या ओढ्यावरून आणायची. दोन हंडे डोक्यावर, तिशी-पस्तिशीची, तोंडाने तिखट. हंडे उतरवून ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमी कोन्या गावच्या?"

"जैनथकडची."

"मंग इतक्या दूर काऊन आल्या? तिकडचे डाक्टर मेले का?"

"जिवंत हायेत. त्याईले जमलं नाही."

"आन् शिकून काय करता? दुकान टाकता?"

"खांदा मोकळा करते आन् जाते."

"सारे असंच म्हणतात. मांगच्या खेपेची एक बाई माह्या सासूचं तेल बाटल्यांत भरून इकून राह्यली. मले सासूनं अजून धड एक मुळी दाखवली नाही. तुमाले बसवून दाखवते."

"ते तुह्या सासूले सांग. मले काऊन सांगतेस?"

"सासूले सांगतलं. आता तुमाले सांगून राह्यली."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ते ऐकून घ्यायला मी आले नव्हते, म्हणून माझा पेला पुढे केला. तिने त्यात पाणी ओतलं, ते काठोकाठ भरून माझ्या पायावर सांडेपर्यंत.

म्हातारीही काही वेगळी नव्हती. तिने माझा दंड धरून असा पिळला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"कवापासून हाय?"

"उन्हाळ्यापासून."

"आन् आता आली. लाकूड झाल्यावर."

"मले काय माहीत होतं, मावशी."

"मास्तरीनले माहीत नाही, मंग कोणाले माहीत असन?"

तरी हात सोडताना म्हणाली की सुटेल. रोज चोळावा लागेल, आणि कसा चोळायचा ते ती दाखवेल. फक्त मुळी मी स्वतः खणून आणायची. दुसऱ्याने आणलेली ती घासणार नव्हती.

मुळी एका वेलीची, आणि ती आणायची म्हातारीची रीत होती. त्या वेलीचं नाव ती जंगलात घेत नसे, आम्हालाही घेऊ देत नसे. आदल्या संध्याकाळी वेलीपाशी जायचं, बुडाशी तांदूळ आणि हळद ठेवायची आणि मनातल्या मनात सांगायचं की अमक्या माणसाच्या अमक्या दुखण्यासाठी तुला उद्या न्यायला येते. पहाटे घरातून निघाल्यापासून मुळी तिच्या हातात देईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. खणायचं उजव्या हाताने. एकदा बोलावलेली वेल दुसऱ्याने तोडायची नाही आणि सांगितल्यावेगळ्या दुखण्याला लावायची नाही.

मला हे सगळं पटलं असं नाही. पण शाळेच्याही अनेक परिपत्रकांत मला न पटणारं असतं आणि मी ते पाळते.

त्या संध्याकाळी म्हातारी कुणाच्या तरी बाळंतपणाला वस्तीत गेली होती. शिबिरवाल्याने आम्हाला उतारावर नेलं. त्या वेली तिथे मोजक्याच होत्या. प्रत्येकाने एकेक धरली आणि वेली संपल्या.

"आता आपण एक करू या," तो म्हणाला. "एकट्या माणसासाठी मागण्यात काय मोठेपणा आहे? सगळ्या जगाच्या आरोग्यासाठी बोलावू या."

"मावशींनी माणूस सांगायला सांगितलंय," मी म्हणाले.

"ताई, तो शब्दार्थ झाला. भाव मोठा ठेवायचा."

"मला खांद्यापुरता पुरे."

सगळ्यांनी डोळे मिटून जगाला बरं केलं. मी डोळे उघडे ठेवून माझी हळद ठेवली आणि मनात माझा उजवा खांदा सांगितला. जगाचा खांदा दुखत असेल तर जगाने आपली वेल शोधावी.

पहाटे आम्ही रांगेने, मुक्याने निघालो. पायवाट दवाने ओली होती. खालून सून भरलेले हंडे घेऊन येत होती. रांगेला वाट द्यायला ती कडेला सरली, पाय घसरला आणि हंड्यांसकट खाली गेली. उजव्या हातावर पडली. मनगट वेगळ्याच बाजूला वळलेलं होतं.

रांग थांबली. कुणी तोंड उघडलं नाही. शिबिरवाल्याने वळून आमच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"मुके झाले का रे सारे?" ती खालून ओरडली. "पाहून राह्यले, तमाशा हाय का हा?"

मी खाली उतरले आणि डाव्या हाताने तिला उठवलं. बोलले मात्र नाही. मला मुळी हवी होती. रांग आमच्या मागोमाग परतली, आणि घरापर्यंत सून मला शिव्या देत आली. मास्तरीन, दगड, पोरांना अशीच शिकवते का, तोंड शाळेत ठेवून आली का. एकालाही उत्तर न देता चालणं मला त्या सबंध मुक्कामात सगळ्यात जड गेलं.

म्हातारीने मनगट पाहिलं. सूज चढायला लागली होती. "सांध्याची मुळी पायजे. आत्ता," ती म्हणाली. "सूज घट्ट झाली त माह्यानं हाड बसणार नाही." मग आमच्या रांगेकडे वळली. "कोणाची हाय?"

शिबिरवाला पुढे झाला. "सगळ्यांनी वेली बोलावल्यात, आजी. सांगाल ती खणू."

"कोणासाठी बोलावल्या?"

"सगळ्या जगासाठी."

म्हातारीने हात झटकला. "मंग जगाले लावा," ती म्हणाली. "जगाचा हिस्सा मी हिले कसा देऊ? जगाले इचारून आला का?"

"आजी, ही पण जगातलीच आहे."

"हिचं नाव घेतलं व्हतं?"

नवीन वेल आता संध्याकाळी बोलावावी लागणार आणि उद्या पहाटे खणावी लागणार, आणि तोवर मनगट कणकेच्या गोळ्यासारखं झालं असतं. उतारावरच्या सगळ्या वेलींना हळद लागलेली होती.

"हाडाचा दवाखाना खाली आहे, मी जीप काढतो," शिबिरवाला म्हणाला. एवढी एक गोष्ट तो बरोबर बोलला.

"मी नाही जाणार," सून म्हणाली. "ते पलस्तर घालून ठेवतील. कापूस कोण येचन, तू? आधी सासू बसवन. मंग पाहीन."

म्हातारीचं लक्ष माझ्याकडे गेलं. मीच एकटी अजून गप्प होते. "तुनं कोणाचं नाव घेतलं?" तिने विचारलं.

मी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मंग ते तुही हाय. तुले देता येते." ती जवळ आली. "पन आयक. ज्या दुखण्यासाठी बोलावली ते टाकून दुसऱ्याले देली, त थे वेल त्या दुखण्याले पुन्हा येत नाही. मी तुह्या खांद्याले हात लावणार नाही. ना आज, ना पुढच्या साली. समजलं?"

समजलं होतं. वेलीला काय वाटेल याची मला फिकीर नव्हती. पण म्हातारी बोलली तशीच वागणार याची खात्री होती, आणि खांदा तर तिच्याच हातांनी सुटायचा होता. सूनही बघत होती. तिच्या तोंडावर विनंती वगैरे काही नव्हती. मी नाही म्हणणार असंच तिने धरलेलं होतं.

मी हिशेब केला. मनगट बांधल्याशिवाय ही बाई जीपमध्ये बसणार नाही. जीपमध्ये बसली नाही तर तिचा हात कायमचा वाकडा राहील, आणि ती तो मला डोळ्यांसमोर धरून दाखवत राहील. मी उतारावर गेले.

उजव्या हाताने खणायचं होतं. कोपर अंगाला चिकटवून, गुडघ्यावर बसून, मी पहारीच्या तुकड्याने माती उकरली. प्रत्येक घावाला खांद्यातून कळ मानेत जात होती. मुळी निघाली ती बोटाएवढी, वाकडी, वासाने कडू. एवढ्यासाठी हे सगळं, असं मनात आलं. ती नेऊन म्हातारीच्या हातात दिली.

तिने मुळी दगडावर घासली, मनगट धरलं आणि एक झटका दिला. सून तेव्हा ओरडली नाही. तिने माझं मनगट पकडलं होतं आणि नखं रुतवली होती. लेप, बांबूच्या चिपा, कापड. गाठ मारून झाल्यावर मी तोंड उघडलं.

"आता जीपमध्ये बस."

"काऊन? बसवलं ना सासूनं."

"मंग पाहीन म्हणाली होती. आता पाहायले चल."

म्हातारी उठून उभी राहिली. "माह्या हातावर भरोसा नाही तुले?"

"हातावर हाय मावशी. हाड तुमाले आतून दिसत नाही."

"मुळी देली म्हणून मालकीन झाली का तू इची?"

"झाली म्हणा. चल गं."

सून बसली, बहुतेक आम्हा दोघींचं भांडण ऐकायचा कंटाळा येऊन. शिबिरवाल्याचं सकाळचं ध्यान बुडालं, ते त्याने घाट उतरेपर्यंत दोनदा सांगितलं. खालच्या दवाखान्यात फोटो काढला. हाड तडकलं होतं. डॉक्टरांनी चिपा सोडल्या, लेप पुसून काढला, सगळं बादलीत टाकलं आणि प्लास्टर घातलं.

सून त्या बादलीकडे बघत होती. "गेली तुमची मुळी," ती म्हणाली. "खांदाबी गेला आन् मुळीबी गेली. खूप हुशार हायेत तुमी."

"तुहा हात राहिला."

"तुमाले कोणी मांगितला व्हता माहा हात?"

परतल्यावर म्हातारीने प्लास्टर पाहिलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओसरीवर जाऊन बसले. मुळी नको, नुसता चोळून तरी दाखवा, म्हणाले. ती शिबिरवाल्याचा गुडघा चोळत होती. त्याच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. शिकवण्यासाठी त्याने तो दिला होता, आणि बाकीचे भोवती बसून बघत होते. म्हातारीने मान वर केली नाही. मी पाहू नये म्हणून ती थोडी फिरून बसली. मी थोडा वेळ तिची पाठ बघितली आणि सामान आवरायला गेले.

निघाले तेव्हा सून वाटेच्या वरच्या दगडावर बसली होती, प्लास्टर मांडीवर.

"शाळेत सांगू नका, कोलामाच्या घरी शिकून आली म्हणून," ती म्हणाली.

"काय शिकले ते तुह्या सासूले इचार."

"इचारलं. थे म्हणते, काहीच नाही."

"खरं सांगून राह्यली," मी म्हणाले आणि पिशवी डाव्या खांद्यावर टाकून उतरायला लागले.