कारण : घरी लग्नकार्य

नलिनी धुरीच्या कॉलेजला तिसरं वर्षच नव्हतं. घाटकोपरला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर ते चालायचं. बोर्ड मात्र इमारतीपेक्षा ऐटदार होता आणि 'लवकरच पदवीपर्यंतचे वर्ग' ही त्यावरची ओळ रंग उडाला तरी तशीच होती. विद्यापीठाची परवानगी होती ती एफवाय आणि एसवायपुरती. बी.ए. व्हायचं असेल तर दोन वर्षांनी दाखला काढायचा आणि दुसऱ्या कॉलेजच्या दारात जाऊन उभं राहायचं. निम्म्या मुली तिथेच गळत, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नसे.

नलिनीला गळायचं नव्हतं. मराठीत ती वर्गात पहिली आली होती आणि दादरकडच्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजने तिचं नाव यादीत लावलं होतं. १९८५ सालचा जून होता. शनिवारपर्यंत दाखला नेऊन दिला की झालं. नाही दिला तर जागा गेली, आणि एकदा घरी बसलेल्या मुलीला पुढच्या वर्षी कॉलेजात कोण पाठवतं?

दाखल्याला पालकाची सही लागे. तिचे वडील, लवू धुरी, कांजूरमार्गच्या एका कंपनीत वॉचमन होते. ड्यूटी सुटल्यावर ते सकाळी परस्पर कॉलेजात गेले. लेकीचं काम आपल्या हातून होतंय याचा त्यांना कोण आनंद! खिडकीतून फॉर्म मिळाला. 'कॉलेज सोडण्याचे कारण' असा रकाना आला आणि लवूंचं पेन जरासुद्धा अडलं नाही. तेवीस वर्षं ते गिरणीत होते. आजारपण म्हटलं तर तिथे डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत, शेतीची कामं म्हटलं तर खात्याचा मुकादम, जॉबर, तोंडावर हसे. पण 'घरी लग्नकार्य' लिहिलं की रजा मंजूर. कोकणातला प्रत्येक माणूस तेच लिही. अर्जांवर विश्वास ठेवायचा तर लवूंच्या एकुलत्या एका बहिणीचं नऊ वेळा लग्न झालं होतं. त्याच सवयीने त्यांनी वळणदार अक्षरात लिहून टाकलं : मुलीचे लग्न.

दाखला तासाभरात हातात पडला. "बघ," घरी येऊन ते म्हणाले, "लगीन म्हटला की कोण अडवणा नाय."

नलिनीने कारणाचा रकाना वाचला. पण वडिलांचा खुललेला चेहरा बघून तिने दाखला घडी घालून पिशवीत ठेवला. कोण वाचतंय एवढं, असं स्वतःला समजावत ती मंगळवारी नव्या कॉलेजात गेली. तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी नेमकं तेवढंच वाचलं.

"लग्न झालंय ना? मग मॅरेज सर्टिफिकेट आण. नवीन नावाने ॲडमिशन होईल."

"नाही झालेलं, मॅडम. ते चुकून लिहिलंय."

"चुकून लग्न लिहितात होय? जा, दुरुस्त करून आण."

जुन्या कॉलेजात हेडक्लार्कने फाइल काढून लवूंचाच अर्ज तिच्यापुढे आपटला. कॉलेजच्या शिक्क्याखाली खोटं कारण गेलं म्हणे. अहो, तिसरं वर्ष नाही हे खरं कारण तुमच्याच बोर्डावर लिहिलेलं आहे, असं म्हणायची सोय नव्हती. 'मी खोटे लिहून दिले, याबद्दल माफी मागतो,' असं पालकाच्या सहीने लिहून आणायचं, मग नवीन दाखला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत.

एवढंच ना, असं कुणालाही वाटेल. पण ते लवू धुरींना सांगायचं होतं. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीचा भोंगा परत वाजला तेव्हा मालकाने एक कागद पुढे केला होता : आम्ही चुकलो, माफ करा, कामावर घ्या. भटवाडीतल्या त्यांच्या चाळीतले अकरा जण सही करून आत गेले. लवू गेले नाहीत. तेवीस वर्षांची नोकरी सोडून ते वॉचमन झाले, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या फाटकावर उभं राहून सलाम ठोकू लागले, पण सही केली नाही. नलिनीला त्याचा अभिमान होता. मैत्रिणींना ती हे सांगायची.

"माफी? खेची माफी?" लवू म्हणाले. "मी काय चोरी केलंय?"

"बाबा, फक्त कागद आहे हो तो."

"तो पण कागदच होतो."

आई, शेवंती, पोळपाट सोडून बाहेर आली. "अवो, पोरीचा वरीस जाताला. करा एक सही."

लवूंनी सदरा चढवला आणि ड्यूटीला दोन तास असताना घराबाहेर पडले. गुरुवारी तेच. शुक्रवारी दुपारी ते झोपलेले असताना नलिनीने कागद घेतला.

लहानपणापासून प्रगतिपुस्तकावर पाहिलेली सही होती ती. ल, मग लांबवलेला धु, आणि शेवटच्या रीची खाली ओढलेली शेपटी. नलिनीचा हात कापला नाही. पुढे कितीतरी वर्षं तिला खरी लाज वाटत राहिली ती याचीच.

दाखला मिळाला. शनिवारी ॲडमिशन झाली. आठ दिवसांनी पोस्टमनने लवूंच्या नावाचं पाकीट आणलं. जुन्या कॉलेजचा कारभार एरवी कासवाच्या गतीचा, पण इथे त्यांना नियम आठवला होता : 'आपले माफीपत्र मिळाले. आपली चूक आपण मान्य केल्यामुळे दाखल्यात दुरुस्ती करण्यात आली आहे.'

लवूंनी ते दारातच उभं राहून दोनदा वाचलं. नलिनी समोर होती. ते ओरडतील, हात उगारतील, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मालकाक जी सही मिळाक नाय," ते हळू म्हणाले, "ती तू घेतलंस."

"बाबा, माझं वर्ष गेलं असतं."

लवूंनी पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं. जेवले, कामावर गेले. बोलणंही बंद केलं नाही. 'पाणी इला काय', 'तुझ्या आवशीक सांग' एवढं चालू राहिलं.

ऑगस्टमध्ये नव्या कॉलेजात ओळखपत्राचे फॉर्म वाटले. खाली रकाना होता, पालकाची सही. यावेळी सगळं नीट करायचं, असं नलिनीने मनाशी ठरवलं होतं. रविवारी सकाळी वडील चहा पीत बसले असताना तिने फॉर्म आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

लवूंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन उचललं, टोपण काढलं आणि ते तिच्याच हातात दिलं.

"तुका येता मा माझी सही," ते म्हणाले. "तूच कर."

ते उठले नाहीत. कपबशी हातात धरून, ती सही करेपर्यंत, तिच्या हाताकडे बघत बसले.