सरांनी नाव सांगितले नाही

हरिश्चंद्र सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या शहापूरच्या संगणक वर्गात झाली. नातीचा नोकरीचा अर्ज भरायचा होता. सर म्हणाले, "आजी, आधी बसा." मी म्हटले, "बसाया नाय आले, अर्ज भरा." त्यांनी अर्जही भरला आणि मला बसवलेही. मी चौथी नापास; पण माझ्या अडाणी प्रश्नाला सर कधी हसले नाहीत.

त्यांचा सल्ला साधा असे. पासवर्ड कुणाला सांगू नये. काम संपले की खाते बंद करून उठावे. संगणकावर आलेले अनोळखी पत्र उघडू नये. एकाचे पत्र वाचून दाखवताना ते दुसऱ्याला बाहेर बसवत. एकदा सरपंचांनाच बसवले. "अवो, मी सरपंच हाय!" "म्हणूनच बाहेर," सर म्हणाले.

शहापूर-मुरबाडच्या लोकांसाठी सरांनी इंटरनेटवर एक गट काढला. कुणीही लिहावे, आणि लिहिलेले आधी कुणा मोठ्याला दाखवावे लागू नये, हा त्यांचा हट्ट. आम्ही पाड्यावरच्यांनी मात्र रेशनकार्डासारखे केले. थोरल्या बाईच्या, म्हणजे माझ्या नावावर एकच खाते, आणि पासवर्ड सगळ्या पाड्याला पाठ. सर कळवळून सांगत, "आजी, प्रत्येकाचं वेगळं ठेवा. ज्याचं बोलणं, त्याच्या नावावर असू द्या." ऐकतो कोण!

एका उन्हाळ्यात मी नातीकडून गटावर लिहून घेतले. धरण आमच्या उशाशी, विहिरीने तळ गाठलेला, आणि आमचा टँकर फार्महाऊसच्या हौदात रिकामा होतो. टँकरवाला पाड्यावर आला. "आजी, तुमी लिवलं?"

"नाव माझं, पन लिवतात सगळी," असे म्हणून मी मोकळी झाले.

मग तो सरांकडे गेला. बरोबर गावातले चार वजनदार. नाव सांगा आणि लिहिलेले पुसा, म्हणाले. खरे कोण ते सरांना ठाऊक होते; त्यांच्याच यंत्रावर बसून आम्ही ते लिहिले होते. सरांनी नाव सांगितले नाही. शाळेत संगणक शिकवायचे त्यांचे काम त्याच महिन्यात गेले.

टँकर येणेच बंद होईल, या भीतीने सगळा पाडा सरांच्या दारात उभा राहिला. लिहिलेले पुसा म्हणून. सर्वांत पुढे मी. सर एवढेच म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणून पुसतो. त्यांनी सांगून पुसलं नव्हतं."

गट सरांनी आजही उघडा ठेवला आहे. कुणी फिरकत नाही; फिरकलाच तर सणाच्या शुभेच्छा टाकून पळतो. टँकर अजून फार्महाऊसवर थांबतो. आमचे तोंड कुणी दाबलेले नाही. आमचा हात आमच्याच तोंडावर आहे.

सरांच्या साठीचा हा गौरव अंक काढणाऱ्या समितीत त्या चौघांतले दोघे आहेत. त्यांचा निरोप आला, "आजी, ती भानगड लिवू नका." लिहिली. तो मजकूर माझा होता, हेही लिहिते. छापतील, न छापतील. सरांचे गेलेले काम त्याने परत येत नाही, एवढे मला कळते.

सरांना साठ वर्षे पूर्ण झाली. धडधाकट शंभर त्यांना मिळोत. आमची तोंडे उघडायला तेवढी पुरतील, असे मात्र मला वाटत नाही.