सुरुंगाआधीची चार मिनिटं

मुलांनो, आज जुन्या गोधड्या उन्हात टाकल्या आणि डांबरगोळ्यांच्या वासाने मला राजुऱ्याच्या मागच्या खोलीत नेलं. तुम्ही आजोबांची इलेक्ट्रिक गिटार फक्त भिंतीवर टांगलेली पाहिली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्या बाबांनी त्या खोलीत घरगुती स्टुडिओ केला होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर याच गोधड्या लावल्या होत्या. एका दुपारी तिथे आजोबांचं गिटारवादन रेकॉर्ड करायचं होतं; दुसऱ्या दिवशी नागपूरला त्यांच्या डाव्या हाताचं ऑपरेशन होतं. बोटं पुन्हा चालतील, असं डॉक्टर ठामपणे सांगत नव्हते. जवळच्या कोळसा खाणीत रोज दुपारी दोनला सुरुंग उडे आणि तो उडाल्यावरच आम्ही रेकॉर्डिंग करत असू. त्या दिवशी अडीच वाजले तरी सुरुंग उडेना. नागपूरची बस तीनची होती.

"बाबा, मधातच उडला तं सारं वाया जाईन," तुमचे बाबा म्हणाले.

"उडू दे. समजजो, ढोलकीवाला उशिरा आला. लाव मशीन!"

मी पंखा आणि फ्रिज बंद करून दाराशी उभी राहिले. आजोबा वाजवू लागले. मी मात्र खिडकीच्या काचेकडे पाहत होते. आता थरथरेल, आता थरथरेल. शेवटची तार शांत झाली, तरी काच हलली नव्हती.

मी एकही सूर ऐकला नाही, हे मला बसमध्ये कळलं.

आजोबांची बोटं पुन्हा तारांवर चालली नाहीत. ते चार मिनिटांचं वादन तेवढं माझ्याकडे आहे.